पहिली तबकडी

अमरावतीच्या एका हायस्कुलात मी कवायत शिकवत असे. शिकवण्याची पद्धत एकच होती. मी पुढे उभा राहून करून दाखवायचे, मुलांनी पाहून करायचे. तोंडाने फारसे बोलावे लागत नसे. शिट्टी पुरे होई.

एका हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या दिवशी मल्लखांबावरून उतरताना माझा हात निसटला आणि मी पाठीवर पडलो. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो खेळाचाच भाग वाटला, म्हणून टाळ्या थोड्या उशिरा थांबल्या. डॉक्टरांनी कमरेच्या मणक्याला इजा झाल्याचे सांगितले. उपाय विचारला, तेव्हा ते आराम म्हणाले. किती, असे विचारले. त्यांनी खांदे उडवले.

होळीपर्यंत मी काठी सोडली. चालत होतो, पण वाकता येत नव्हते. जोड्याची नाडी पत्नी बांधत असे. कवायतीचा तास दुसरे शिक्षक कसाबसा घेत. वार्षिक परीक्षा संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, वेळेचे पक्के, बोलण्यात पुणेरी स्वच्छता. अन्याय करणारे गृहस्थ ते नव्हते.

"उन्हाळ्याची सुट्टी तुमच्या हाती आहे," ते म्हणाले. "शाळा उघडण्यापूर्वी मैदानावर मला कवायत करून दाखवा. नाही जमले तर कचेरीत लेखनिकाची खुर्ची रिकामी आहे. जो करून दाखवू शकत नाही, तो कवायत शिकवू शकत नाही. हे तुम्हालाही मान्य असेल."

मला मान्य होते. त्यांच्या जागी मी असतो तर सुट्टीचीही मुदत दिली नसती. बाहेर पडताना कचेरीच्या दारातून ती खुर्ची दिसली. बसून बसून तिच्या वेताला खळगा पडला होता. तिथे बसायचे नाही, एवढे मी त्या क्षणी ठरवले. कसे, ते ठरले नव्हते.

पत्नीचे माहेर अकोल्याचे. तिचे थोरले भाऊ तिथे वकिली करत. सुट्टी लागताच आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी दारातून वाकडातिकडा आत येताना पाहून ते ओट्यावरूनच म्हणाले, "काय जी जवाई, पडले म्हने खांबावरून?"

"पडलो नाही. उतरताना हात निसटला."

"आमच्या कोर्टात त्याले पडनंच म्हनते."

जेवण झाल्यावर त्यांनी आतून एक काळी पेटी आणि एक पुठ्ठ्याचा जाड डबा आणवला. पेटीत चावीचा ग्रामोफोन होता. डब्यात तबकड्या होत्या. एका मोठ्या योगशिक्षकांनी आपले सगळे वर्ग त्यांवर बोलून ठेवले होते. ते गृहस्थ दूरच्या शहरात राहत आणि त्यांच्याकडे प्रवेश मिळणे कठीण असे.

"मुंबईले गेलो होतो तवा घेतला," मेव्हणे म्हणाले. "डॉक्टर म्हने पोट कमी करा. म्हटलं, हे घरी बसून होते. पोट जिथल्या तिथं हाय."

"दादा, तू एकदा तरी लावला काय?" पत्नीने विचारले.

"लावला ना! पलंगावर पडून ऐकला. लय चांगला आवाज हाय, पाच मिनिटांत झोप लागते."

योग हे म्हाताऱ्यांचे आणि संन्याशांचे काम, अशी आम्हा आखाड्यातल्या माणसांची समजूत होती. कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या दंगलीत मी कुस्त्या केलेल्या होत्या. पेटीतल्या आवाजाकडून काही शिकावे, असे मला वाटण्याचे कारण नव्हते. परंतु डॉक्टरांकडे आराम होता आणि शाळेत खुर्ची होती. तिसरे काही कोणाकडे नव्हते. मी पेटी मागून घेतली.

"जपून न्या," मेव्हण्यांनी बजावले. "ऊन लागलं का रेकार्ड पापडावानी वाकते."

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून गाडी बदलून अमरावतीपर्यंत पत्नीने तो डबा मांडीवर धरला. त्याभोवती तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या घड्या गुंडाळल्या होत्या. ग्रामोफोन मी उचलू शकत नव्हतो, तो हमालाने उचलला. गाडीच्या डब्यात गर्दी होती. शेजारच्या बाकावरच्या एका बाईने विचारले, "काय हाय वो बाई, इतकं जपून राहिल्या ते?"

"गुरुजी हाय आमचे," पत्नी म्हणाली. "जरा सरकून घ्या, त्याइले ऊन लागते."

ती बाई खरोखरच सरकली.

राजापेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. आतली खोली त्यातल्या त्यात थंड. तिथे फरशीवर सतरंजी अंथरली, ग्रामोफोन पाटावर ठेवला आणि तबकड्यांचा डबा दुसऱ्या दोन पाटांच्या मध्ये आडवा ठेवला, म्हणजे तबकड्या वाकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून, लंगोट कसून मी सतरंजीवर बसलो. पत्नीने चावी दिली, पिन बसवली आणि पहिली तबकडी लावली.

"बंधुभगिनींनो," आवाज म्हणाला, "आसनांकडे वळण्यापूर्वी मला आपणांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत."

"भाषण आहे," मी म्हणालो. "काढ. दुसरी लाव."

"ऐकून तर घ्या."

"भाषणाने कमर वाकत नाही."

आखाड्यात कधी कोणी भाषण केले नाही. वस्तादांचा पंजा मानेवर पडला की शिकवणी सुरू झाली, असे समजायचे. पत्नीने पिन उचलली, तबकडी पुसली आणि डब्यात सर्वांत खाली ठेवली.

दुसऱ्या तबकडीपासून आसने होती. मला आश्चर्य वाटले ते आवाजाचे. तो घाईत नव्हता आणि जरबेचाही नव्हता. नवख्या माणसाला घराचा पत्ता सांगावा, तसे ते सांगत. उजवा पाय कोठे, गुडघा कसा, बोटे कोणत्या दिशेला, श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा. डोळ्यांसमोर कोणी नव्हते. तरी पाय कोठे न्यायचा याविषयी शंका राहत नसे. आयुष्यभर मी पाहून शिकलो होतो. ऐकून शिकण्याची ही पहिलीच वेळ.

अडचण एकच होती. तबकडीची एक बाजू चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपे. आवाज आसनापर्यंत आणून सोडी, आणि "आता या स्थितीत स्थिर राहावे" असे म्हणून पिन खरखरू लागे. पुढचे दुसऱ्या बाजूला. तबकडी उलटायची, पिन बदलायची, चावी द्यायची. ते सगळे पत्नी करी. तोपर्यंत मी त्याच स्थितीत राही.

याला कारण होते. आखाड्यात वस्ताद "बस" म्हणेपर्यंत सुटायचे नाही, हा नियम मी मिसरूड फुटण्यापूर्वी शिकलो होतो. एकदा आम्हाला अर्ध्या बैठकीत धरून ठेवून वस्ताद कोणाशी तरी बोलत चौकापर्यंत गेले आणि तिकडेच पानाच्या ठेल्यावर रमले. आम्ही सुटलो नाही. एक जण मातीत कोसळला, त्याला दुसऱ्या दिवशी आखाड्यात घेतले नाही. तबकडीवरचे गुरुजी "सोडा" म्हणाले नव्हते. तेव्हा सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

एके दिवशी मी भुजंगासनात होतो. पालथे पडून, हातांवर भार घेऊन छाती वर उचललेली. बाजू संपली. तेवढ्यात दारात शेजारीण आली आणि पत्नी पिन उचलून तिच्याशी बोलायला गेली. कोणाच्या तरी सुनेचा विषय निघाला. तो लवकर संपण्यासारखा नव्हता. माझे दंड थरथरू लागले. सतरंजीवर घामाचे थेंब पडू लागले. शेवटी ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अहो, तुमी अजून तसेच?"

"गुरुजींनी सोडा म्हटलेले नाही."

"गुरुजी इकडं पालथे पडले हाय. ते बोलतीन कसे?"

"तू तबकडी लाव."

ती पाटाशी बसली. तबकडी हातात घेतली. पदराने सावकाश पुसली. "हिवरखेडच्या लग्नाले येनार का नाई, ते सांगा आधी," ती म्हणाली. तिच्या मावसबहिणीचे लग्न ज्येष्ठात होते आणि मी आठवडाभर उत्तर टाळत होतो.

"हे विचारण्याची ही वेळ आहे?"

"मले तर हेच येळ बरी वाटते. बाकी येळेले तुमी उठून बाहेर जाता."

"येईन."

"आवाज नाई आला."

"येईन! लाव."

तिने चावी दिली. आवाज म्हणाला, "आता सावकाश छाती जमिनीवर टेकवावी." मी टेकवली. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाहेर तिचे आणि शेजारणीचे हसणे मला ऐकू आले.

सुरुवातीचे काही दिवस चांगले गेले. पाठ सैल झाल्यासारखी वाटली. जोड्याची नाडी मी स्वतः बांधली. मग मी अधिक जोर लावू लागलो. आवाज सांगे त्याच्या थोडे पुढे जायचे, आणि बाजू बदलेपर्यंत तिथे दात आवळून राहायचे. दुखत होते. दुखणे हा कामाचा पुरावा, असे आखाड्यात मानत. मीही मानत होतो.

ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी मी पाय पसरून, कपाळ गुडघ्यांकडे नेत बसलो होतो. पायांची बोटे आता वीतभर अंतरावर होती. आवाजाने स्थिर राहावे असे सांगितले आणि बाजू संपली. मी स्थिर राहिलो. तबकडी उलटत असताना कमरेत काहीतरी धरले गेले. दुसरी बाजू सुरू झाली. "आता सावकाश वर यावे," आवाज म्हणाला. मला वर येता आले नाही. आडवे होता आले नाही. मी आवाज न करता तसाच बसून राहिलो. पत्नीला ते कळायला थोडा वेळ लागला, कारण तसे बसणे ही माझी नेहमीची गोष्ट झाली होती.

तिने आणि शेजारणीच्या नवऱ्याने मला उचलून खाटेवर ठेवले. होळीपूर्वी होतो तिथे मी परत आलो होतो. शाळा उघडण्यास फार दिवस उरले नव्हते. हिवरखेडच्या लग्नाला मी गेलो नाही. जाऊ शकलो नाही. मला खाटेवर सोडून पत्नीही गेली नाही. तिने त्याविषयी कधी काही म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

बातमी आखाड्यात पोचली. वस्ताद घरी आले. सत्तरीचे वय, मान अजून खांबासारखी. खाटेशी उभे राहून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग पाटावरच्या पेटीकडे.

"हे काय बे? बाज्यासमोर लोटांगन घालून राहिला म्हनते तू?"

"शिकत होतो, वस्ताद."

"बाजा काय शिकवते? त्याले हात नाई, पाय नाई. चाल उद्या आखाड्यात. तेल लावतो, गुडघा ठेवतो कमरेवर, अन् एक झटका देतो. मोकळा होशीन."

वस्तादांच्या झटक्याने अनेक जण उठून चालू लागले होते, ते मी पाहिले होते. एक जण उठला नव्हता, तेही पाहिले होते. तरी त्या दिवशी होकार माझ्या ओठांवर आला होता. दिवस कमी होते आणि झटका लवकर होणारा होता.

"वस्ताद, चहा घ्या," पत्नी आतून म्हणाली. "झटक्याचं उद्या पाहू."

ते चहा पिऊन गेले. पत्नीने कप उचलले. मग ती पाटाशी बसली, डबा उघडला आणि सर्वांत खालची तबकडी काढली.

"ती नको," मी म्हणालो.

"तुमचे वस्ताद बोलून गेले. आता याइले बी बोलू द्या. पयल्यापासून."

"भाषण आहे ते."

"मंग उठा अन् पिन काढा."

मी उठू शकत नव्हतो. तिने चावी दिली.

"बंधुभगिनींनो," आवाज म्हणाला, "आसनांकडे वळण्यापूर्वी मला आपणांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत." शरीराची स्तुती, योगाची थोरवी, असे काही येईल म्हणून मी छताकडे पाहत पडलो. तसे काही आले नाही. ते म्हणाले, तबकडीची बाजू संपली की आसन सोडून द्यावे आणि श्वास शांत होईपर्यंत पडून राहावे. तबकडी बदलण्यास लागणारा वेळ हा आपल्या विश्रांतीचा वेळ आहे, मी तो मुद्दाम ठेवला आहे. ते म्हणाले, जिथे दुखू लागते तिथे आसन पूर्ण झाले असे समजावे, मग ते दिसावयास कितीही अर्धवट असो. आणि शेवटी म्हणाले, "मी आपणांस पाहू शकत नाही. समोर असतो तर आपणांस वेळीच थांबवले असते. तेव्हा आपल्याकडे पाहण्याचे काम आपणांसच करावे लागेल."

पिन खरखरली. पत्नीने ती उचलली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"पलटवू?" तिने विचारले.

"पलटव."

दुसऱ्या बाजूला कोणी काय करू नये ते होते. पाठीला इजा झालेल्या माणसाने करू नयेत अशा आसनांत, मी ज्या आसनात अडकलो ते पहिले होते.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी माणूस पाठवला. मी निरोप दिला की सध्या मी दुसऱ्या वस्तादांच्या हाताखाली आहे आणि एका वेळी दोघांचे ऐकणे आखाड्याच्या रीतीला धरून नाही. ती रीत त्यांनीच लावली होती. त्यांना राग आला. पुढे बरेच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

खाटेवरून उतरता येऊ लागले तसे मी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या तबकडीपासून. ती मी रोज लावत असे, कारण थांबणे मला येत नव्हते आणि ते पाठ करावे लागणार होते. बाजू संपली की आसन सोडायचे. सोपे वाटते. माझे हात सुटत नसत. पत्नी पाटाशी बसून सांगे, "सोडा. थांबले ते." मग मी सतरंजीवर पडून राही आणि ती निवांतपणे पिन बदली, तबकडी पुसे. पुढे वाकताना गुडघ्याखाली हात गेले की कमर बोलू लागे. तिथे मी थांबत असे. पायांची बोटे दूर होती. पूर्वी मी त्यांच्याकडे पाहून वाकत असे. आता डोळे मिटून घेऊ लागलो.

बोटांपर्यंत पोचता येणार नाही, हे मला शाळा उघडण्याच्या बरेच आधी कळले. झटका देऊन पोचता येईल, हेही माहीत होते. मी रोज पोटरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

ठरलेल्या सकाळी मुख्याध्यापक मैदानावर छत्री घेऊन उभे होते. शाळा रिकामी होती. फक्त शिपाई व्हरांड्यात झाडू घेऊन झाडण्याचे निमित्त करत होता. मी चाललो, धावलो, उठाबशा काढल्या. मुख्याध्यापक मान हलवत होते. मग ते म्हणाले, "पुढे वाकून पायांची बोटे धरा." कवायतीचा पहिला व्यायाम तोच होता.

मी श्वास सोडत वाकलो. हात पोटऱ्यांवर आले. तिथे थांबलो.

"पुढे?"

"पुढे दुखते."

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच कोणासमोर उच्चारले. आखाड्यात ते बोलणाऱ्याला लोक पुढे कच्चा म्हणूनच ओळखत. व्हरांड्यातला झाडू थांबला. मी सावकाश वर आलो.

मुख्याध्यापकांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाईट वाटते," ते म्हणाले. "पण आपले ठरले होते. करून दाखवता आले पाहिजे."

"साहेब, एक विनंती आहे. छत्री खाली ठेवा. जोडे काढा. डोळे मिटून उभे राहा."

"मी?"

"आपण."

त्यांनी ते का मानले, मला कधी कळले नाही. कदाचित खुर्चीचा निर्णय दिल्यावर माणसाला थोडे द्यावेसे वाटते. त्यांनी छत्री मिटली, जोडे काढले, टोपी नीट बसवली आणि डोळे मिटले.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती मी वाजवली नाही. मैदानावरचा माझा नेहमीचा आवाजही काढला नाही. राजापेठेतल्या त्या खोलीत रोज ऐकला होता, तसा घरचा पत्ता सांगितल्यासारखा बोलू लागलो. दोन्ही पाय जुळवा. भार टाचांवर आहे, तो तळव्यांच्या मध्यावर आणा. गुडघे ताठ, पण आवळू नका. श्वास घेत हात समोरून वर न्या. कोपर कानांजवळ. आता टाचा उचला. कोटाच्या बाह्या मागे सरकल्या आणि त्यांची पांढरी मनगटे उघडी पडली. ते डाव्या बाजूला झुकले. डाव्या पायाचा अंगठा जमिनीत दाबा, मी म्हणालो. ते सरळ झाले आणि स्थिर राहिले. पन्नाशी उलटलेला, कोट घातलेला माणूस मैदानाच्या मध्यावर चवड्यांवर उभा होता. शिपाई तोंडात पंचा कोंबून भिंतीकडे वळला.

"आता टाचा टेकवा. हात खाली. आसन सोडा."

त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते आपल्या पायांकडे पाहत राहिले.

"तुम्ही करून दाखवले का?"

"नाही. मी जागेवरून हललो नाही."

"हे कोठे शिकलात?"

"घरी. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर."

"तबकडी कवायत शिकवते?"

"मला शिकवली," मी म्हणालो. "तिला हातपाय नाहीत."

त्यांनी जोडे घातले. त्याला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. मग छत्री उघडली. "पहिली सहामाही पाहू," ते म्हणाले. "मल्लखांब मात्र तुमच्याकडे राहणार नाही. तो दुसऱ्यांना द्यावा लागेल."

"ठीक आहे."

ते ठीक नव्हते. मल्लखांब मला कवायतीहून प्रिय होता. पण मागितले होते ते मिळाले होते. घरी आलो तेव्हा पत्नी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले. मी शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला अडकवली, रोज अडकवत असे तिथे. तिने पुन्हा सुपात मान घातली. "चहा टाकू?" ती म्हणाली. टाक, म्हटले.

सहामाहीनंतर पुन्हा तो विषय निघाला नाही. निवृत्त होईपर्यंत मी कवायतच शिकवली. पहिली काही वर्षे मुले माझ्यामागे हसत. कवायतीचे सर कवायत करत नाहीत, नुसते बोलतात, असे म्हणत. पुढे त्यांना सवय झाली. दरवर्षी पहिल्या तासाला मी कोणताही व्यायाम देत नसे. मुलांना सावलीत बसवून दोन गोष्टी सांगत असे. मी थांबलो की सोडायचे. दुखले की बोलायचे. दुसरी गोष्ट मोठ्या मुलांना पटवणे कठीण जाई. एखादा दात आवळून उभा असलेला दिसला की मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहत असे. तबकडीला जे करता येत नव्हते, तेवढे मला येत होते.

माझी बोटे पायांना लागली ती त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमारास. मी ते पत्नीला सांगितले. "बरं झालं," ती म्हणाली. "आता खाली पडलेले कपडे तुमीच उचलत जा."

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात आम्ही ती पेटी आणि डबा घेऊन अकोल्याला गेलो. डबा या वेळीही तिच्या मांडीवर होता. मेव्हण्यांनी कोर्टातल्या माणसाकरवी निरोप पाठवला होता की त्यांची कमर धरली आहे आणि बाजा परत आणावा. ते पलंगावर पडले होते. पोट जिथल्या तिथे होते. मी पाटावर ग्रामोफोन मांडला आणि पहिली तबकडी काढली. एवढ्या वर्षांत ती थोडी वाकली होती आणि आवाज अधूनमधून डुलत असे, पण शब्द स्पष्ट होते.

"भाषन हाय ते, जवाई," मेव्हणे म्हणाले. "मले माहीत हाय. दुसरी लावा."

"आधी ही," मी म्हणालो.

"काहून?"

पत्नीने चावी दिली. बंधुभगिनींनो, असे आवाज म्हणाला, आणि आम्ही दोघे खाली बसून ऐकत राहिलो. ऐकण्याची गरज आम्हाला उरलेली नव्हती. बाजू संपली, पिन खरखरली, तेव्हा पलंगावरून घोरणे ऐकू येऊ लागले.

"पलटवू का?" तिने विचारले.

"राहू दे," मी म्हणालो. "बाजू संपल्यावर पडून राहायला सांगितले आहे. ते पडले आहेत."